दोन माणसांचं काम

मुलगा परदेशी गेला की आया फोनची वाट बघत झुरतात. माझं उलटं झालंय. माझ्या मुलाचा गेले काही आठवडे रोज फोन येतो, आणि म्हणून माझा डोळा लागत नाही.

तिकडे गेल्यापासून तो रविवारी बोलायचा, तेही घाईत, एका हाताने मोजे चढवत. "आई, जेवलोय, बरा आहे, बाबांना गोळ्या घ्यायला सांग, ठेवतो." आता मात्र निवांत भिंतीला टेकून बसतो. भाजी कोणती केली विचारतो. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो का विचारतो. दिवसभर म्हाताऱ्या माणसांना उठवणाऱ्या, बसवणाऱ्या, पुसणाऱ्या मुलाला आमच्या नळाची चौकशी करायला सवड कुठून मिळाली? अंगात कामाचा फिकट निळा शर्ट असतो. "आत्ताच आलो पाळीवरून," म्हणतो. आणि बाहीवर इस्त्रीची घडी सुरीसारखी उभी. मी त्याचे कपडे इतकी वर्षं धुतलेत. अख्खी पाळी करून आलेल्या माणसाच्या बाहीवर घडी राहत नाही.

ह्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुला सुखही सोसत नाही. फोन येत नव्हता तेव्हा रडत होतीस."

"तुम्ही एक दिवस भाजीत मीठ कमी आहे असं न म्हणता जेवून उठलात, तर मला काळजी वाटेल की नाही? तसंच आहे हे."

ह्यांनी चष्मा पुसायला घेतला. म्हणजे त्यांनाही पटलं होतं.

आमच्या मुलाला सगळे आप्पा म्हणतात. नीट चालायला लागला तेव्हापासून तो दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचा, पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा. गल्लीतल्या कुणीतरी "काय आप्पा, निघाले का फिरायला?" म्हटलं आणि ते नाव चिकटलं. स्वभावही तसाच निघाला. खेळात आउट झाला की भांडायचा नाही, बॅट ठेवून बाजूला व्हायचा. आउट नसला तरी. एकदा वर्गातल्या दुसऱ्याच कुणीतरी फळा फोडला आणि मार ह्याने खाल्ला. नाव विचारलं तर म्हणाला, "आई, त्याचे बाबा फार मारतात." मी त्या दिवशी त्याला जवळ घेतलं की रागावले, आता आठवत नाही. बहुतेक दोन्ही केलं असेल.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा तो दहावीत होता. मधल्या खोलीत त्यांचा पलंग टाकला होता. मी उचलायला गेले की त्या कण्हायच्या, हे गेले की ओरडायच्या. आप्पाने मात्र आपली एक युक्ती काढली. पलंगाशी वाकायचा आणि म्हणायचा, "आजी, गळ्यात हात टाक. टाकलास? आता मला एक सणसणीत शिवी दे." सासूबाई जन्माच्या तोंडाळ. त्या शिवी हासडायच्या, त्या श्वासाबरोबर त्यांचं अंग सैल पडायचं, आणि तेवढ्यात हा त्यांना उचलून खुर्चीत बसवून मोकळा. त्यांना कळायचंसुद्धा नाही. "मेल्या, केव्हा उचललंस?" म्हणायच्या. शेवटी शेवटी त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

बारावीनंतर नर्सिंगला जातो म्हणाला, तेव्हा माझ्या नणंदेने डोक्याला हात लावला.

"मुलगा आणि नर्स? मग सून काय, डॉक्टर बघायची?"

"चालेल की आत्या," हा म्हणाला, "ती रागावली की मी सुई टोचेन."

शिकला. इथल्या एका मोठ्या खासगी इस्पितळात लागला. एका वॉर्डात रात्री एकटा असायचा, आणि उचलण्यापासून सलाइनपर्यंत सगळं एकट्याने. "आई, इथे दुसरा माणूस मागितला तर म्हणतात, तुझे हात काय गहाण पडलेत का?" असं सांगून हसायचा. मग तिकडची भाषा शिकण्याचं वेड घेतलं. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रिजवर फ्रिज, दारावर दार, आणि ह्यांच्या आरामखुर्चीवर त्याने काय लिहिलं होतं ते ह्यांना अजून माहीत नाही. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि एका वृद्धाश्रमाने त्याला बोलावून घेतलं.

सुरुवातीचे महिने कठीण गेले. छपराखालची खोली, उतरतं छत, सकाळी उठला की डोकं आपटायचं. खोलीतला जोडीदार आपल्याच भाषेतला, इतका उंच की पलंगावर तिरका झोपतो. त्याला आम्ही लांबू म्हणतो. तो पार्सलांच्या गोदामात रात्रपाळी करतो. पहिल्या आठवड्यात ह्या दोघांनी सगळा कचरा एका पिशवीत बांधून खाली टाकला. संध्याकाळी पिशवी परत दारात, आणि वर कांद्याची सालं वेगळी काढून ठेवलेली. खालच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने आणून ठेवली होती. कचरा परत आलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. आप्पाने त्या शेजाऱ्याकडे जाऊन कोणतं साल कुठल्या डब्यात टाकायचं ते विचारून घेतलं. लांबू म्हणतो, आता तो शेजारी जिन्यात आप्पाला बघून टोपी उचलतो, आणि मला बघून अजून पिशवी तपासतो.

भाषा पास झाली होती, पण तिथली माणसं पुस्तकातल्यासारखी बोलत नव्हती. तो घरी येऊन बुटांसकट झोपायचा. त्या दिवसांत त्याला हात दिला तो ताईने. ताई त्याच वृद्धाश्रमात बरीच वर्षं आहे, आपल्याच भाषेतली. चांगले बूट कुठे घ्यायचे, डॉक्टरांशी फोनवर कसं बोलायचं, जेवणाच्या सुट्टीत एकटं बसायचं नाही, सगळं तिने शिकवलं. पहिल्याच दिवशी तिने त्याला झापलं होतं. "आप्पा, इथे धावायचं नाही. तू धावलास की त्यांना वाटतं कुणीतरी गेलं."

धावायचं नाही, आणि एकट्याने उचलायचं नाही. तिथे माणूस उचलायला एक यंत्र असतं. झोळीत माणसाला बसवायचं, बटण दाबायचं, झोळी वर जाते, मग ढकलत खुर्चीपर्यंत न्यायची. आप्पा त्याला पाळणा म्हणतो. ज्यांना स्वतः उभं राहता येत नाही त्यांना पाळण्यानेच उचलायचं, आणि पाळणा चालवायला दोन माणसं हवीतच. एक बटणाशी, एक झोळीशी. म्हाताऱ्या माणसाला गळ्यात हात टाकू द्यायचे नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. "का रे?" मी विचारलं होतं. "आई, पडलो तर दोघं पडू. आणि त्यांची कातडी कागदासारखी असते, धरली की काळीनिळी होते." नियम त्याला पटलेला होता. तो नियम न मानणारा मुलगा नाही.

त्याच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका आहेत. तो त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. कमरेखाली अधू, डोकं मात्र बहुतेक वेळ ताजं. रोज सकाळी ह्याच्या बोलण्यातली एक तरी चूक काढायच्या आणि ती सुधारून घेतल्याशिवाय चहा प्यायच्या नाहीत. रविवारच्या घाईच्या फोनमध्येही तो "आज बाईंनी अमुक चूक काढली" एवढं सांगायचाच. बाईंना एकाच गोष्टीची भीती, पाळण्याची. हवेत लोंबकळायला लागल्या की डोळे घट्ट मिटून घ्यायच्या.

परवाच्या फोनवर मी मुद्दाम विचारलं, "आज मास्तरीणबाईंनी काय चूक काढली?"

त्याने पाठीमागची उशी सरकवली. मग एक सांगितली. मी ऐकून घेतली. तीच चूक त्याने मला मागच्या वर्षी सांगितली होती.

त्या दिवशी मी लांबूला फोन लावला. लांबूचं खोटं त्याच्या उंचीसारखंच, कुठे वाकून लपत नाही.

"काकू, मी आत्ता झोपेत आहे."

"झोपेतच सांग. आप्पा कामावर जातो का?"

तिकडे पलंग करकरला. "काकू, त्याने शपथ घातलीय."

"कुणाची?"

"तुमचीच."

"मग मीच सोडवते. बोल."

आप्पा तेवढ्यात खाली दूध आणायला गेला होता, म्हणून त्याने सगळं सांगितलं. गेले तीन आठवडे आप्पा घरीच आहे. चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही असा हुकूम आहे. सकाळी उठतो, दाढी करतो, खिडकीशी बसतो. मला फोन करायच्या आधी तेवढा शर्ट चढवतो.

झालं होतं ते असं. सकाळच्या पाळीला त्या टोकाच्या खोल्यांवर आप्पा आणि ताई, दोघांची जोडी होती. ताईच्या घरून फोन आला. तिची लहान मुलगी इकडे आजीपाशी असते. ती शाळेत जायचं नाही म्हणून न्हाणीघरात कडी लावून बसली होती, आणि आजी दाराबाहेर रडत होती. ताई म्हणाली, "आलेच मी," आणि खाली चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत जाऊन मुलीला समजावत बसली. तेवढ्यात मास्तरीणबाईंच्या दारावरचा, मदतीला बोलवायचा दिवा लागला. त्यांना घाईची लागली होती. आप्पा म्हणाला, ताई येऊ दे. बाई थांबल्या. मग थांबवेना, तेव्हा चादर मुठीत धरून रडायला लागल्या. सगळा जन्म वर्गापुढे ताठ उभं राहिलेली बाई, अंथरुणात घाण होईल म्हणून लहान मुलासारखी रडत होती. आप्पाने इकडेतिकडे बघितलं, वाकला आणि गळ्यात हात टाकायला सांगितलं. आणि मुद्दाम एक वाक्य चुकीचं बोलला. बाई रडता रडता चिडल्या, चूक सुधारायला तोंड उघडलं, आणि त्या श्वासाबरोबर ह्याने त्यांना उचललं. वेळेत पोचवलं. चादर कोरडी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंची लेक भेटायला आली. आईच्या काखेखाली आणि दंडावर हाताएवढे काळेनिळे डाग होते. तिने विचारलं, हे कुणी केलं? लेकीनं विचारू नये तर काय करावं? मीही विचारलं असतं. बाईंना तोवर काही आठवत नव्हतं.

आप्पाने वरिष्ठांना सांगितलं, "मी एकट्याने उचललं. ताई दुसऱ्या रुग्णाकडे होती, मी तिला बोलावलंच नाही."

"असं का म्हणाला रे तो?" मी लांबूला विचारलं.

"काकू, मुलीला तिकडून इकडे आणायचा ताईचा अर्ज आत्ताच गेलाय. पाळी सोडून फोनवर होती हे लागलं, तर त्याचं काय होईल कोण जाणे. आप्पा म्हणतो, आपल्याला कोण आहे, आपलं निभावेल."

आपल्याला कोण आहे! हे मी ह्यांना सांगितलंच नाही.

"आणि ताई? ती काय म्हणते?"

"ती डबा आणून दाराशी ठेवते, बेल न वाजवता जाते. आम्ही खातो. आप्पा डबा धुऊन परत दाराशी ठेवतो. तिला तो एवढंच म्हणालाय, नुसती विचारपूस आहे, दोन ओळी लिहून घेतील आणि सोडतील."

"आणि खरं काय आहे?"

लांबू आता पुरता जागा झाला होता. खरं असं की, येत्या गुरुवारी बैठक आहे. माणूस हाताशी असताना नियम मोडला आणि वृद्धेला इजा केली असं ठरलं, तर नोकरी जाणार. नोकरीबरोबर तिथे राहायची परवानगी जाणार. आणि त्याच्या नावापुढे ते कायमचं लिहिलं जाणार, म्हणजे नर्स म्हणून तिथे पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. जोडीदार जागेवर नव्हता म्हणून उचललं असं कळलं, तर गोष्ट वेगळी. तशा एका प्रकरणात मागे दोघांना समज देऊन पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं होतं, म्हणे. पण ते तसंच होईल ह्याची हमी कोण देणार?

नोकरी गेली तर जाऊ दे, घरी येईल, दोन घास खाईल. पण म्हाताऱ्या बाईला इजा केली, हे माझ्या आप्पाच्या नावापुढे! तो आयुष्यात एकच गोष्ट नीट शिकला होता, दुखणाऱ्या माणसाला न दुखवता उचलायचं. तीच आता त्याच्या विरुद्ध लिहून ठेवतील. आणि तो गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही स्वतःचंच तोंड स्वतःच दाबून.

काल जेवताना ह्यांना बाकीचं सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"ती चोर नाही हो."

"मग काय आहे? ह्याला पुढे करून मागे लपलीय."

"तिला माहीतच नाही किती मोठं आहे ते. ह्यानेच लपवलंय."

"मग त्याला सांग ना, खरं बोल म्हणावं! आई आहेस की कोण?"

"सांगितलं आणि आईचा शब्द म्हणून त्याने बैठकीत ताईचं नाव घेतलं, तर जन्मभर स्वतःच्या तोंडाकडे बघणार नाही. आणि नाही घेतलं, तर रोजचा फोनसुद्धा बंद करेल."

हे उठले, हात धुतले, परत येऊन बसले. "आपण मध्ये पडू नये," म्हणाले. "मोठा झालाय. त्याने ठरवलंय."

"लहानपणी ताप लपवून शाळेत जायचा, तेही ठरवूनच जायचा. तेव्हा पडत होतो ना मध्ये?"

"तेव्हा फक्त त्याचा ताप होता," हे हळूच म्हणाले. "आता दुसऱ्याचं लेकरू आहे मध्ये."

ह्यांना मी इतकी वर्षं मिठावरून बोलते, पण कधीकधी ते नेमकं वर्मावर बोट ठेवतात. कारण ते लेकरू मी पाहिलंय. ताई मागच्या सुट्टीत आली तेव्हा आप्पाने ह्यांच्यासाठी दिलेला कोट पोचवायला आमच्याकडे आली होती, एक रात्र राहिली. मुलगी बरोबर होती. ताई माझ्या ओट्याशी कांदा चिरत होती आणि मुलगी तिच्या कुडत्याचं टोक धरून. ताई फ्रिजपाशी गेली की तीही फ्रिजपाशी. मी विचारलं, "शाळेत जातेस का गं?" तर म्हणाली, "आई आहे तोवर नाही जाणार." ताई चिरत राहिली. कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं.

म्हणून आजचा सगळा दिवस मी कामं उरकत स्वतःशी भांडले. आप्पाला हाक मारून खरं बोल म्हणावं, तर ते कुणाचं तरी नाव सांगणं होतं. वृद्धाश्रमाला काही कळवावं, तर ती चुगली. गप्प बसावं, तर गुरुवार काही थांबणार नाही. चपात्या लाटताना एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. ह्या सगळ्यात ठरवायचा हक्क जिला आहे, तिलाच कुणी काही सांगितलेलं नाही. आप्पाने तिच्यासाठी ठरवून टाकलं. चांगल्या मनाने, पण ठरवून टाकलं. ती डबे ठेवून जाते, म्हणजे तिला बोचतंय. पण किती बोचायला हवं हे तिला माहीत नाही. उद्या कळेल, माझ्यामुळे त्या मुलाचं नाव कायमचं खराब झालं आणि मला कुणी विचारलंही नाही, तेव्हा ती काय करेल? माझ्या बाबतीत कुणी असं केलं असतं, तर मी त्याला माफ केलं नसतं.

ताईचा नंबर कोट आला तेव्हापासून माझ्याकडे आहे. तिकडे आत्ता संध्याकाळ आहे, तिची पाळी सुटली असेल. हे आत झोपलेत, किंवा झोपल्यासारखं करतायत.

मी तिला असं कर, तसं कर म्हणणार नाही. तिच्या मुलीचा विषय मी काढणार नाही, ना तिला घाबरवायला, ना स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला. आप्पाच्या नावापुढे काय लिहिलं जाणार आहे आणि कोणत्या दिवशी, एवढंच सांगणार. लांबूचं नाव सांगावं लागेल, त्याची माफी नंतर मागेन. ती म्हणाली, "काकू, मग मी काय करू?" तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तसं मी तिला सांगेन. ती रडली तर ऐकून घेईन. चिडली तरी ऐकून घेईन. तिने फोन ठेवून दिला तर मात्र पुन्हा लावणार नाही.

पहिलं वाक्य तेवढं ठरलंय. "अगं, मी आप्पाची आई बोलतेय. आधी कुठेतरी बस बघू." पुढचं तिच्या आवाजावर. लावते आता.